सामायिक वहीतली खोडाखोड

क्लाउडमुळे शिक्षणात काय बदलले असे विचारले, की बहुतेक जण 'नोट्स कुठूनही, कधीही मिळतात' असे उत्तर देतात. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणारी शिक्षिका म्हणून मला हे उत्तर खरे असले तरी फार तोकडे वाटते. नोट्स मिळण्याची सोय झेरॉक्सच्या दुकानानेही केली होती, आणि मुंबईतल्या बहुतेक कॉलेजांच्या फाटकासमोर ती आजही आहे. क्लाउडने आणि त्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या ऑनलाइन समुदायांनी घडवलेला खरा बदल माझ्या मते वेगळा आहे. अर्धवट काम, कच्चा विचार आणि त्यावर झालेली दुरुस्ती या गोष्टी सगळ्यांना दिसू लागल्या, आणि त्यांचा माग टिकून राहू लागला. विद्यार्थी या मागातून जितके शिकतो तितके तयार नोट्समधून शिकत नाही, असे माझे वर्गातल्या अनुभवावरून झालेले मत आहे, आणि मराठीतून शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या आपण मंडळींनी या बदलाचा फायदा अजून फार थोडा घेतला आहे, याची मला खंत वाटते.

'क्लाउड' म्हटले की काहीतरी अधांतरी असल्याचा भास होतो, म्हणून वर्गात मी आधी तो जमिनीवर आणते. आपली फाइल कोणत्या तरी इमारतीतल्या संगणकावर असते, आणि तशा इमारती आपल्याला अगदी जवळ आहेत. चांदिवली, ऐरोली, महापे या भागांत मोठी डेटा सेंटरे आहेत. ॲमेझॉनने २००६ साली साठवणूक आणि संगणन भाड्याने देण्यास सुरुवात केली, तेव्हा त्या सेवेचे केंद्र भारतात नव्हते. पुढे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई इथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईतच आपापली क्लाउड केंद्रे सुरू केली. बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या अनेक केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मुंबईत शिरतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ अशा केबल तुटल्या, तेव्हा भारतातले इंटरनेट कित्येक दिवस रखडले होते. ही सगळी व्यवस्था कोणाच्या तरी मालकीची आहे आणि कोणाच्या तरी देखभालीवर चालते, हे विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असावे असे मला वाटते. मालकीचा हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

गटाने मिळून अहवाल लिहिणे हे अकरावी-बारावीच्या प्रकल्पांतले नेहमीचे काम आहे. पूर्वी गटातली एक मुलगी लिहीत असे, दुसरी आकृत्या काढत असे, उरलेल्यांची नावे पहिल्या पानावर येत असत, आणि शिक्षकाच्या हाती स्वच्छ, सुवाच्य, पक्के काम येत असे. त्यात कोण कुठे अडले, कोणी कोणाला समजावले, कुठला परिच्छेद पुस्तकातून जसाच्या तसा उतरवला, यातले काहीच दिसत नसे. सामायिक दस्तऐवजात ते दिसते, कारण तिथे मजकुराबरोबर त्यातले बदलही नोंदले जातात.

यामागची युक्ती मला शिकवण्यासारखी वाटते. पाच जणांनी एकाच वेळी एकाच मजकुरात लिहायचे आणि तरी गोंधळ होऊ द्यायचा नाही, ही संगणकशास्त्रातली अवघड समस्या होती, आणि क्लॅरेन्स एलिस व सायमन गिब्स यांनी १९८९ साली तिच्यावर एक उपाय मांडला. समजा, एका ओळीतले तिसरे चिन्ह मी खोडले आणि त्याच क्षणी तुम्ही दहाव्या चिन्हानंतर एक नवे चिन्ह घातले. माझी खोड आधी नोंदली गेली, तर पुढची सगळी चिन्हे एका जागेने मागे सरकतात. म्हणून तुमची भर दहाव्याऐवजी नवव्या चिन्हानंतर लावायची, म्हणजे अखेर दोघांच्याही पडद्यावर एकच मजकूर उरतो. गुगल डॉक्सची २०१० पासूनची रचना याच तत्त्वावर उभी आहे. प्रत्येक छोटा बदल हा स्वतंत्र घटना म्हणून ओळखला जातो, त्याला कर्ता असतो, वेळ असते आणि इतरांच्या बदलांशी जुळवून घेण्याची रीत असते. एकत्र काम कसे करावे, याबद्दल मी आजवर वाचलेल्या अनेक उपदेशांपेक्षा ही रचना मला अधिक स्पष्ट वाटते.

खारफुटीवरच्या प्रकल्पांत बदलांची ही नोंद मी बारकाईने वाचते. ऐरोली किंवा विक्रोळीच्या खाडीकाठी जाऊन आलेला गट लिहितो, 'खारफुटी समुद्राचे मीठ शोषून घेते.' काही वेळाने त्याच गटातला एक मुलगा समासात विचारतो, की शोषलेले मीठ जाते कुठे? दुसरा सांगतो, की तिवराच्या पानांवर त्याने मिठाचे बारीक स्फटिक पाहिले आहेत. मग एक मुलगी पुस्तक उघडते आणि लिहिते, की तिवराची झाडे पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतात, तर कांदळाची मुळे बरेचसे मीठ आत येतानाच अडवतात. मूळ वाक्याच्या जागी अखेर सविस्तर, अचूक असा लहानसा परिच्छेद येतो. छापील अहवालात तो वाचला असता, तर मुलांनी तो पुस्तकातून उतरवला आहे असेच मला वाटले असते. बदलांच्या नोंदीत मात्र एका साध्या प्रश्नाने त्यांना तिथपर्यंत नेल्याचे दिसते, आणि गुण देताना प्रश्न विचारणाऱ्या मुलाला त्याच्या वाट्याचे श्रेय देता येते. प्रश्न विचारणे हेही काम आहे, ही गोष्ट आपल्या परीक्षापद्धतीत जवळजवळ कुठेच मोजली जात नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आपण लिहीत असताना कोणीतरी पाहत आहे, या जाणिवेने काही मुले आखडतात. ती आधी फोनमध्ये एकट्याने लिहितात आणि मग तयार मजकूर आणून डकवतात. मी त्यांना थांबवत नाही. माणसाला एकांतात चुका करण्याचाही हक्क असतो, आणि तो हक्क शिक्षकाने सोयीसाठी काढून घेऊ नये, असे मी मानते.

मराठीत अशा सामायिक लेखनासाठी आपल्याला बरीच वाट पाहावी लागली, आणि त्याचे कारण आजच्या मुलांना सांगूनही खरे वाटत नाही. देवनागरी युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी आपल्याकडची छपाई आणि कचेऱ्यांतले टंकन दीर्घकाळ शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांवर चालले. त्या जुन्या फॉन्टांत 'क' हे अक्षर संगणकाला 'क' म्हणून ठाऊकच नसे. रोमन लिपीतल्या एखाद्या चिन्हाच्या जागी 'क'चा आकार बसवलेला असे. त्यामुळे दादरला टंकलेली फाइल ठाण्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल, तर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडत असे. मजकुरात शब्द शोधता येत नसे, याद्या अकारविल्हे लावता येत नसत. 'ॲ' हे आपल्या रोजच्या वापरातले अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले. ज्या लिपीतला मजकूर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर शाबूत पोहोचत नाही, तिच्यात पाच जणांनी मिळून एक परिच्छेद लिहिणे अशक्यच होते. आज 'क्षि' लिहिले, की क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार संकेत जगातल्या कोणत्याही संगणकावर त्याच क्रमाने पोहोचतात, आणि म्हणून माझे विद्यार्थी मराठीतल्या एकाच ओळीवर एकत्र काम करू शकतात. ज्या तंत्रज्ञांनी आणि भाषाप्रेमींनी हे प्रमाणीकरण चिकाटीने पुढे नेले, त्यांचे मराठी शिक्षणावर मोठे ऋण आहे.

वर्गातला गट एकमेकांना ओळखत असतो. ऑनलाइन समुदायात दुरुस्ती करणारा माणूस अनोळखी असतो, त्याला तुमच्या गुणांशी, घराण्याशी किंवा शाळेच्या नावाशी काही देणेघेणे नसते, आणि तिथे शिकण्याची जातकुळीच बदलते. मला याचा सर्वांत चांगला प्रत्यय आला तो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २००८ साली पदव्युत्तर अभ्यासाचा प्रकल्प म्हणून ते सुरू केले. कोणीही एखाद्या प्राण्याचे वा वनस्पतीचे छायाचित्र, दिनांक आणि ठिकाण यांसह तिथे नोंदवू शकते, आणि जगभरातले जाणकार व हौशी लोक ते काय आहे हे सुचवतात. नोंद संशोधनयोग्य ठरण्यासाठी ओळख सुचवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीच्या पातळीवर एकमत व्हावे लागते. मतभेद झाला, तर नोंद जातीवरून प्रजातीवर किंवा कुलावर मागे येते. ज्याबद्दल खात्री आहे तेवढेच म्हणायचे, ही विज्ञानातली शिस्त इथे व्यवस्थेतच घातलेली आहे. पक्की झालेली आणि खुल्या परवान्याने दिलेली नोंद पुढे जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता भांडारात जाते, आणि तिथून कोणताही संशोधक ती वापरू शकतो.

मुंबईत याचा सुंदर उपयोग 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटाने २०१७ पासून केला आहे. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खूप खाली जाते, तेव्हा हाजी अली, गिरगाव, कार्टर रोड, जुहू अशा ठिकाणी उघड्या पडणाऱ्या खडकांवर आणि वाळूवर ही मंडळी लोकांना घेऊन जातात आणि दिसलेले जीव नोंदवतात. ज्या किनाऱ्याकडे आपण सांडपाणी आणि प्लास्टिक यांपलीकडे पाहत नव्हतो, तिथे प्रवाळ, समुद्रफुले, ऑक्टोपस, रंगीत समुद्री गोगलगायी राहतात, हे हजारो मुंबईकरांना अशा नोंदींमुळे कळले. कोस्टल रोडच्या कामाआधी हाजी अली आणि वरळी इथल्या प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवण्यात आल्या, तेव्हा 'मुंबईला प्रवाळ असतात का?' हा प्रश्न निदान काही घरांत तरी विचारावा लागला नाही. हे स्थलांतर पुरेसे होते असे मला वाटत नाही, पण तो या लेखाचा विषय नाही.

माझ्या वर्गातली वरळी कोळीवाड्यातली एक विद्यार्थिनी पावसाळ्यात किनाऱ्यावर वाहून आलेल्या निळ्या, फुग्यासारख्या जीवाचे छायाचित्र घेऊन आली होती. तिने ते 'जेलीफिश' म्हणून नोंदवले. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या एका माणसाने त्याखाली लिहिले, की हा फायसेलिया आहे, आणि त्याला खरा जेलीफिश म्हणता येणार नाही. त्याने पुढे कारणही दिले: हा एक प्राणी दिसत असला तरी ती अनेक लहान जीवांची वसाहत आहे, आणि त्यांतल्या काहींनी तरंगण्याचे, काहींनी भक्ष्य पकडण्याचे, काहींनी पचनाचे, काहींनी प्रजननाचे काम वाटून घेतलेले असते. दोघेही एकाच संघातले, पण वर्ग वेगळा. हे पाठ्यपुस्तकात नाही असे नाही; निडारिया संघ अकरावीला शिकवतातच. परंतु वर्गीकरण हा तोवर तिच्यासाठी पाठ करण्याचा तक्ता होता, आणि त्या उत्तरानंतर तो तिच्या स्वतःच्या पायाशी पडलेल्या वस्तूबद्दलचा वाद झाला. तिने पुस्तके चाळली, इतरांची छायाचित्रे पाहिली, आणखी एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मिळवले. पुढच्या पावसाळ्यात जुहूच्या कोणाच्या तरी नोंदीवर तिनेच तीच दुरुस्ती केली, कारणासह, आणि मेलेला फायसेलियासुद्धा डंख करू शकतो म्हणून हात लावू नका, अशी सूचना मराठीत जोडली. ज्याला दुरुस्त केले गेले तो पुढे दुसऱ्याला दुरुस्त करतो, हे चक्र पूर्ण झालेले पाहणे हा शिक्षकासाठी फार मोठा आनंद असतो.

असेच काम खगोलशास्त्रात आपल्या कलिन्यातून चालते. मुंबई विद्यापीठाच्या आवारात असलेल्या, विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांच्या मूलभूत विज्ञान केंद्रातून २०१३ साली 'रॅड ॲट होम' हा नागरिक-विज्ञानाचा प्रकल्प सुरू झाला. नारायणगावजवळ खोडद इथे असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, आणि तिच्या आकाश-सर्वेक्षणातून आलेली माहिती मूठभर शास्त्रज्ञांनी डोळ्यांखालून घालायची म्हटली तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून देशभरातल्या विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आधी प्रशिक्षण देऊन, रेडिओ आणि दृश्य प्रकाशातल्या प्रतिमा एकमेकींवर ठेवून वेगळ्या दिसणाऱ्या दीर्घिका शोधायला शिकवले गेले, आणि त्यांची चर्चा समाजमाध्यमावरच्या गटात सगळ्यांसमोर झाली. एका दीर्घिकेतून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळून बुडबुड्यासारखा पसरल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षण याच उपक्रमातले आहे. घरी दुर्बीण नसलेल्या, मोठ्या संस्थेत प्रवेश न मिळालेल्या मुलाला खऱ्या संशोधनाची खरी सामग्री हाताळायला मिळते. ही समता क्लाउडशिवाय आली नसती, आणि शिकवायला तयार असलेल्या शास्त्रज्ञांशिवाय नुसत्या क्लाउडनेही आली नसती.

गणितासारख्या एकांतप्रिय विषयातही हे घडले आहे. केंब्रिजचे गणिती टिमोथी गॉवर्स यांनी जानेवारी २००९ मध्ये आपल्या ब्लॉगवर एक अवघड प्रश्न जाहीरपणे मांडला आणि ज्याला जे अर्धेमुर्धे सुचेल ते तिथेच लिहावे असे आवाहन केले. काही आठवड्यांतच पुरावा हाती आला, आणि शोधनिबंध सामूहिक टोपणनावाने प्रसिद्ध झाला. फसलेल्या वाटाही तिथे जशाच्या तशा वाचायला मिळतात. पदवीच्या विद्यार्थ्याला मोठे गणिती कसे अडखळतात, हे पाहण्याची संधी याआधी कधी मिळत होती?

मराठीपुरते बोलायचे, तर ही शाळा २००३ सालच्या महाराष्ट्रदिनापासून उघडी आहे. त्या दिवशी मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्यातल्या सर्वसाधारण चर्चेच्या पानाला 'चावडी' असे नाव आहे, प्रत्येक लेखाला चर्चापान आहे आणि प्रत्येक लेखाचा पहिल्या ओळीपासूनचा इतिहास कोणालाही वाचता येतो. भारतातली पहिली विकिपरिषद नोव्हेंबर २०११ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात झाली होती. असे असूनही मराठी माध्यमाच्या किती शाळा-कॉलेजांत विद्यार्थ्याला एखाद्या लेखाचा 'इतिहास' उघडून दाखवला जातो? 'विकिपीडियावर विश्वास ठेवू नका' एवढे सांगून आपण मोकळे होतो. मी विद्यार्थ्यांना नेमके तेच पान उघडायला सांगते, कारण ज्ञान माणसे घडवतात, चुकतात, सुधारतात, कधी हट्टाने भांडतात, हे तिथे उघड दिसते. दुसऱ्या बाजूला वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ पासून खंडशः आलेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर मोफत वाचता येतो, आणि विद्यापीठे व संस्था यांच्या साहाय्याने नेमलेल्या ज्ञानमंडळांकडून त्याच्या नोंदी अद्ययावत होत आहेत. एकीकडे संपादकाची जबाबदारी आहे, दुसरीकडे सर्वांना दार उघडे आहे. विद्यार्थ्याने एकाच विषयावरचे दोन्हीकडचे लेखन शेजारी ठेवून वाचावे, असा माझा आग्रह असतो, आणि दोन्हीकडे तफावत दिसली की वर्गात सर्वांत चांगली चर्चा होते.

याउलट आपल्या मुलांचे आणि शिक्षकांचे प्रत्यक्षातले ऑनलाइन आयुष्य व्हॉट्सॲपच्या बंद गटांत जाते, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. तिथे पीडीएफ येतात, पुढे जातात. त्या कोणी लिहिल्या, केव्हा लिहिल्या, त्यात कोणती चूक कोणाच्या लक्षात आली, हे कळायला मार्ग नसतो. एका गटातल्या शिक्षकाने चूक दाखवली, तरी तीच चुकीची फाइल इतर गटांतून फिरत राहते, कारण दुरुस्ती फाइलच्या मागे धावू शकत नाही. चांगली शंका विचारली गेली आणि तिचे उत्तम उत्तर मिळाले, तरी पुढच्या वर्षीच्या मुलाला ते शोधून सापडत नाही. आपुलकी आणि तातडीची मदत यांसाठी हे गट मोलाचे आहेत. पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, परीक्षा पुढे गेली, हे कळायला त्यांच्याइतके चांगले साधन नाही. पण ज्ञान साचून पुढच्यांना मिळावे अशी त्यांची घडणच नाही.

नुसते तंत्रज्ञान आणून शिक्षण बदलत नाही, याचा धडा या शहराने २०१७ साली घेतला आहे. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीविना एकदम लागू केली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, आणि त्याच वर्षी कुलगुरूंना पद सोडावे लागले. कल्पना वाईट नव्हती. ती वापरणाऱ्या शिक्षकांशी आधी बोलणे, त्यांच्याकडून ती दुरुस्त करून घेणे, हे राहून गेले. टाळेबंदीच्या काळात तर विषमता फार कठोरपणे समोर आली. दहा बाय दहाच्या खोलीत एक फोन, तोही वडील कामावर जाताना घेऊन जाणार, आणि तीन भावंडांचे तास एकाच वेळी, ही अवस्था माझ्या अनेक विद्यार्थ्यांची होती. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, तेव्हा मला मनापासून बरे वाटले, कारण ज्या घरात डेटा नाही तिथे टीव्ही तरी होता. मात्र टीव्ही एकाच दिशेने बोलतो. मुलांची चूक त्याला दिसत नाही. सहभागाची साधने ज्यांच्याकडे नव्हती, त्यांच्या शिकण्यातून नेमकी दुरुस्तीच गळून पडली.

आता मालकीबद्दल. मराठी माणसांनी ऑर्कुटवर बांधलेले समुदाय ३० सप्टेंबर २०१४ रोजी त्या सेवेबरोबर बंद झाले, याहू ग्रुप्स २०२० च्या अखेरीस संपले, आणि त्यांतल्या कित्येक वर्षांच्या चर्चा बहुतेकांनी उतरवून घेतल्या नव्हत्या. शैक्षणिक संस्थांना मोफत आणि अमर्याद मिळणारी गुगलची साठवण २०२२ पासून मर्यादित झाली, तेव्हा जुने व्याख्यान-व्हिडिओ ठेवायचे की पुसायचे, हा प्रश्न अनेक संस्थांपुढे आला. १९९६ पासून चालू असलेले मायबोली हे मराठी संकेतस्थळ आजही वाचता येते, याचे श्रेय मी त्याच्या स्वतंत्र घराला देते. म्हणून विद्यार्थ्यांचे काम कुठे ठेवायचे हे ठरवताना मी हल्ली एकच गोष्ट आधी पाहते, की ते काम पूर्णपणे, इतिहासासह, बाहेर काढून दुसरीकडे नेता येते का. विकिपीडियाची संपूर्ण सामग्री खुल्या परवान्याखाली कोणालाही उतरवून घेता येते. आयनॅचरलिस्टवरच्या आपल्या नोंदी बाहेर काढता येतात, आणि जीबीआयएफमध्ये त्यांची दुसरी प्रत राहते. ज्या सेवेत हे जमत नाही, तिथे मी सरावाचे काम करून घेते, मोलाचे नाही.

श्रेयाचा एक प्रश्न मात्र या सगळ्या व्यवस्थांनी अजून नीट सोडवलेला नाही. फायसेलियाची नोंद करणाऱ्या त्या मुलीने पुढे नोंदींखाली आपल्या आजीने सांगितलेले लिहायला सुरुवात केली. दर्यावरून जमिनीकडे वारा सलग काही दिवस वाहिला, की हे निळे जीव किनाऱ्याला लागतात, असे आजीचे निरीक्षण होते, आणि फायसेलिया आपल्या फुग्याच्या शिडावर वाऱ्याने ढकलला जातो हे प्राणिशास्त्रही तेच सांगते. एका परदेशी अभ्यासकाने भाषांतर मागितले, मुलीने ते दिले, आणि त्यावर त्याने विचारलेला प्रश्न परत आजीकडे गेला: कोणत्या महिन्यात सर्वांत जास्त येतात, आणि पूर्वीपेक्षा आता वाढले आहेत का? आजीचे खाते नाही, ती टंकन करत नाही, आणि जगाच्या दृष्टीने ही सगळी माहिती नातीच्या नावावर जमा होते. मासळी बाजारात आयुष्य घालवलेल्या बायकांकडे समुद्राचे जे ज्ञान आहे, ते क्लाउडवर पोहोचताना त्यांची नावे वाटेत पडून जाऊ नयेत, यासाठी आम्ही वर्गात बरीच चर्चा केली. सांगणाऱ्या व्यक्तीला आधी सगळे समजावून द्यायचे, तिची परवानगी घ्यायची, नाव द्यायचे की नाही हे तिला ठरवू द्यायचे, आणि आलेली उत्तरे परत तिला वाचून दाखवायची, असे आमचे ठरले. नव्या बॅचसाठी केलेल्या नोंदीच्या नमुन्यात 'माहिती कोणी सांगितली' हा रकाना आता दिनांक आणि ठिकाण यांच्या लगेच खाली आहे, आणि तो भरल्याशिवाय मी नोंद तपासायला घेत नाही.